सव्वा इंची जाळीतून वोल्फ-राये तारे : ‘स्टार ॲनालायझर १००’चं परीक्षण

वस्तू दिसायला अगदी साधी आहे. सव्वा इंची फिल्टरच्या कड्यात बसवलेली एक काच आणि तिच्यावर मिलिमीटरला १०० रेघांची विवर्तन जाळी. ब्रिटनमधली पॅटन हॉक्सली ही कंपनी ती बनवते. कॅमेऱ्याच्या नळीला फिल्टर लावतो तशी ती फिरवून बसवायची, की चित्रातल्या प्रत्येक ताऱ्याच्या शेजारी त्याचा वर्णपट उमटतो. रेघांचा काप तिरका असल्यामुळे बराचसा प्रकाश एकाच बाजूच्या पहिल्या क्रमात (ताऱ्याच्या ठिपक्याला सर्वांत जवळच्या वर्णपटात) जातो, म्हणून लहान दुर्बिणीवरही ती कामाची ठरते. रेघांवर काचेचं झाकण आहे. फट नाही, आरसा नाही, दिवा नाही, हलणारा एकही भाग नाही.

बहुतेक ताऱ्यांच्या बाबतीत ही जाळी म्हणजे वर्णपटाची तोंडओळख. वोल्फ-राये ताऱ्यांच्या, म्हणजे दाट वारा फेकणाऱ्या आणि वर्णपटात रुंद चमकदार रेषा असलेल्या अतिउष्ण ताऱ्यांच्या, बाबतीत मात्र ती पुरेसं उपकरण आहे, आणि आमचं परीक्षण मुख्यतः त्या अंगाने आहे. कारण सरळ आहे. जाळीची भेदनक्षमता १०० ते १५० च्या आसपास. म्हणजे ५७०० अँगस्ट्रॉमपाशी (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक, मीटरचा हजार कोटीवा भाग) साधारण ४० ते ५५ अँगस्ट्रॉमपेक्षा बारीक तपशील ती दाखवत नाही. नेहमीच्या उष्ण ताऱ्यांच्या हेलियम रेषा काही अँगस्ट्रॉम रुंद असतात, त्या इथे पुसल्याच जातात. वोल्फ-राये ताऱ्याभोवतीचा वारा (ताऱ्यातून सुटणारा वायू) मात्र सेकंदाला १००० ते २५०० किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. निम्मा वारा आपल्याकडे, निम्मा पलीकडे. डॉप्लर परिणामामुळे १५०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यातली ५६९६ अँगस्ट्रॉमची रेषा दोन्ही बाजूंना २८-२८ अँगस्ट्रॉम पसरते. रेषाच मुळात ५०-६० अँगस्ट्रॉम रुंद असेल, तर ४०-५० ची जाळी तिला हुकवत नाही.

हे तारे दुर्मीळ आहेत. आपल्या आकाशगंगेत आजवर साडेसहाशेहून थोडेच जास्त सापडलेत. सूर्याच्या लाखो पट दीप्ती, पृष्ठभागाचं तापमान ३० हजार अंशांपासून थेट दोन लाखांपर्यंत, आणि वर्षाला सूर्याच्या एक लाखांशाच्या आसपास वस्तुमान वाऱ्यावाटे गमावणं. शार्ल वोल्फ आणि जॉर्ज राये यांनी १८६७ मध्ये पॅरिस वेधशाळेतून हंस तारकासमूहातल्या तीन ताऱ्यांच्या वर्णपटात काळ्या रेषांऐवजी रुंद चमकदार पट्टे पाहिले. ते तीन तारे आज डब्ल्यूआर १३४, १३५ आणि १३७ या क्रमांकांनी ओळखले जातात. पुढे वर्ग पडले ते रेषांवरूनच. नायट्रोजन आणि हेलियमच्या रेषा ठळक असतील तर डब्ल्यूएन, कार्बन-हेलियमच्या असतील तर डब्ल्यूसी, आणि अतिआयनीभूत (बरेच इलेक्ट्रॉन गमावलेला) ऑक्सिजन ठळक असेल तर डब्ल्यूओ. तारा किती जड, किती म्हातारा, हे वर्ग ठरवताना कुणी विचारत नाही. वर्ग वर्णपटाचा असतो. त्याचा अर्थ नंतर लावायचा.

आता बसवणी. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर.

जाळी आणि सेन्सर यांतलं अंतर वर्णपट किती ताणला जाणार हे ठरवतं. हिशोब तोंडी करण्याजोगा आहे : पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, १०० ने गुणा, आणि जाळी ते सेन्सर या मिलिमीटरमधल्या अंतराने भागा. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ५० मिलिमीटर अंतर असेल तर एका पिक्सेलमागे ७.५ अँगस्ट्रॉम येतात. मूळ ताऱ्याचा ठिपका, म्हणजे शून्य क्रम, आणि ७५०० अँगस्ट्रॉम यांच्यात मग १००० पिक्सेल लागतात. दोन्ही एकाच चित्रात मावले पाहिजेत, कारण मोजणीची सुरुवात त्या ठिपक्यापासूनच होते. कॅमेऱ्यात सेन्सर पुढच्या कडेपासून बराच आत असतो, ते अंतर धरूनच जोडनळी निवडा. अंतर वाढवत नेलं की भेदनक्षमता वाढेल असं वाटतं, पण तसं होत नाही. वर्णपट लांब होतो, फिका पडतो आणि तपशील तेवढाच राहतो.

तपशील ठरवतो तो ताऱ्याच्या ठिपक्याचा आकार. फट नसल्यामुळे ठिपकाच फटीचं काम करतो. हवेच्या थरथरीने तारा ३ विकलांएवढा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) पसरत असेल तर ८०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत ठिपका साधारण १२ मायक्रॉनचा होतो, म्हणजे वरच्या मांडणीत २३ अँगस्ट्रॉम. त्याच हवेत २००० मिलिमीटरच्या दुर्बिणीत तो २९ मायक्रॉनचा, म्हणजे ५८ अँगस्ट्रॉम. मोठी दुर्बीण इथे नुकसान करते, हे पचायला जड जातं खरं. ८० मिलिमीटरची साधी अपवर्तक दुर्बीण या कामाला आठ इंची श्मिट-कॅसग्रेनपेक्षा सरस आहे, निदान तेजस्वी ताऱ्यांसाठी तरी. २३ हा आकडा अर्थात कागदावरचा. जाळी अभिसारी किरणांत बसते, त्यामुळे रंगागणिक कोमा (ठिपक्याला शेपूट फुटण्याचा दोष) येतो आणि प्रत्यक्षातला आकडा त्याच्या दुपटीकडे सरकतो. एफ/५ (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) पेक्षा वेगवान दुर्बिणीत हा दोष फार वाढतो. एफ/६ ते एफ/८ चांगलं.

फोकस ठिपक्यावर करू नका. जाळीतून गेलेल्या प्रकाशाचं नाभीप्रतल वाकलेलं असतं, त्यामुळे ठिपका टोकदार असताना वर्णपट धूसर असतो. एखादा ए वर्गाचा, म्हणजे हायड्रोजनच्या रेषा ठळक असलेला पांढरा तेजस्वी तारा घ्या (अभिजित उत्तम, दक्षिणेकडे असाल तर व्याधही चालेल) आणि हायड्रोजनच्या काळ्या रेषा सर्वांत खोल दिसेपर्यंत फोकस सरकवा. मग ठिपका थोडा फुगलेला दिसेल, दिसू द्या.

कड्यावर दिशेची खूण आहे. वर्णपट सेन्सरच्या ओळींना समांतर, डावीकडे ठिपका, उजवीकडे लाल टोक, अशी मांडणी ठेवली की पुढचं सगळं सोपं. आटे घट्ट बसतात तेव्हा खूण हवी तिथे थांबेलच असं नाही. मध्ये पातळ चकती किंवा टेफ्लॉन टेपचा एखादा वेढा घातला की जमतं. दोन-तीन अंशांचा तिरकेपणा सॉफ्टवेअर सुधारून घेतं, दहा अंशांचा नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यात राहणाऱ्यांसाठी या जाळीचं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे गॅमा वेलोरम, नेमकं सांगायचं तर गॅमा-२ वेलोरम, अर्थात डब्ल्यूआर ११. दृश्यप्रत १.८ (आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी), आकाशातला सर्वांत तेजस्वी वोल्फ-राये तारा. जाळी जिथे बनते त्या ब्रिटनमधून तो कधीच उगवत नाही. क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) उणे ४७ अंश असल्यामुळे पुण्याहून तो मध्यमंडलावर २४ अंश उंच येतो, नागपूरहून साडेएकवीस, पणजीहून २७. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री साडेनऊच्या आसपास दक्षिण मोकळी असलेली गच्ची पुरते. शहराच्या उजेडाचीही फार चिंता नको. १.८ प्रतीच्या ताऱ्यासमोर ती पार्श्वभूमी वजा करता येते.

२४ अंशांवर मात्र वातावरणच प्रिझमसारखं वागतं. ४००० आणि ७००० अँगस्ट्रॉमच्या प्रतिमा एकमेकींपासून साधारण ३ विकला सरकतात. ८०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत हे तीन पिक्सेल. वर्णपट क्षितिजाला उभा ठेवला तर तरंगलांबीची मोजणी तेवढी चुकते. आडवा ठेवला तर वर्णपट किंचित तिरका होतो, मोजणी शाबूत राहते. म्हणून जाळी अशी फिरवा की वर्णपट क्षितिजाला समांतर पडेल.

तसं केलं की आणखी एक फायदा होतो. गॅमा-२ पासून ४१ विकलांवर, नैर्ऋत्येला, ४.२ प्रतीचा गॅमा-१ आहे, बी वर्गाचा. आडव्या मांडणीत दोघांचे वर्णपट एकमेकांपासून ३० पिक्सेलवर, रुळांसारखे समांतर पडतात. खालचा-वरचा क्रम तुमच्या कॅमेऱ्यावर अवलंबून. फिक्या रुळावर सलग इंद्रधनुष्य, डोळ्याला एकही खूण न सापडणारं. जाड रुळावर निळ्यात एक टपोरा मणी, तो ४६५० चा कार्बन. पुढे पिवळ्यात शेजारी-शेजारी दोन मणी, ५६९६ आणि ५८०८. आलेख काढायच्या आधी, कच्च्या चित्रातच हे मणी दिसतात. सामान्य उष्ण तारा आणि वोल्फ-राये तारा यांतला फरक शिकवायला याहून चांगलं एकच चित्र आम्हाला माहीत नाही.

दुर्बीण नसेल तर ८५ मिलिमीटरच्या लेन्ससमोर जाळी धरूनही हे जमतं. तेव्हा किरण समांतर असतात, कोमा नाही, आणि हिशोबात अंतराच्या जागी लेन्सचं नाभीय अंतर येतं. ४.३ मायक्रॉनच्या पिक्सेलला ५ अँगस्ट्रॉम. साध्या तिपाईवर कॅमेरा ठेवून वर्णपट उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याने तारा पूर्व-पश्चिम सरकताना वर्णपट आपोआप रुंद होतो. या क्रांतीवर सेकंदाला साधारण एक पिक्सेल, दहा सेकंदांत दहा पिक्सेलची पट्टी. लेन्स एफ/३.५ च्या आसपास बंद करा, नाहीतर कड्याबाहेरून येणारा प्रकाश नुसता धूसरपणा वाढवतो. या लेन्समध्ये गॅमा-१ वेगळा पडत नाही. पण तो नवव्या हिश्शाएवढाच उजळ असल्याने रेषा बुजत नाहीत.

प्रकाशावकाश (एका चित्राला द्यायचा वेळ) ठरवताना नवख्यांची एक ठरलेली चूक होते. ते सलग वर्णपटाची पातळी पाहून वेळ वाढवतात. वोल्फ-राये ताऱ्यात रेषेचं शिखर सलग पातळीच्या कितीतरी वर असतं, आणि तेच आधी भरून वाहतं. मग ४६५० चा माथा सपाट होतो आणि रेषांची गुणोत्तरं खोटी येतात. वेळ ठरवताना सर्वांत उंच रेषेचा सर्वांत भरलेला पिक्सेल बघा, तो क्षमतेच्या दोन तृतीयांशाच्या आत हवा. ठिपका जळला तरी चालेल, त्याचा मध्य काढता येतो. कमी वेळेची वीस-तीस चित्रं एकत्र करणं हे एका लांब चित्रापेक्षा कधीही बरं. रंगीत कॅमेरा असेल तर एकाच रंगाचा आलेख काढू नका, तिन्हींची बेरीज घ्या. डीएसएलआरच्या आतला फिल्टर लाल टोक कापतो, ते गृहीत धरा.

मोजणीसाठी शून्य क्रमाचा ठिपका हा पहिला बिंदू, आणि त्याच रात्री त्याच मांडणीत घेतलेल्या ए ताऱ्याची ४८६१ ची हायड्रोजन रेषा हा दुसरा. कड्याला हात लागला की मोजणी नव्याने. लाल टोकाला ७६०० जवळ वातावरणातल्या ऑक्सिजनची खाच दिसते, ती पडताळणीसाठी उत्तम. त्याच सुमारास मात्र दुसऱ्या क्रमाचा जांभळा पहिल्याच्या लालवर चढू लागतो, त्यामुळे ७५०० नंतरच्या कुठल्याही उंचवट्यावर विश्वास ठेवू नका. सॉफ्टवेअरमध्ये ‘आरस्पेक’ शिकायला सोपं पण विकतचं. ‘बास प्रोजेक्ट’ फुकट आहे आणि या कामाला पुरतं. रेषांची उंची तुलना करायची असेल तर आधी उपकरणाचा प्रतिसाद (कोणता रंग किती कमी-जास्त नोंदला जातो ते) काढून टाकावा लागतो. त्यासाठी घेतलेला ए तारा लक्ष्याइतक्याच उंचीवर हवा. २४ अंशांवर हवेचा थर डोक्यावरच्यापेक्षा जवळजवळ अडीचपट जाड असतो आणि निळा भाग खाऊन टाकतो.

वर्ग कसा वाचायचा? डब्ल्यूसीमध्ये दोन पिवळे मणी निर्णायक. ५६९६ हा दोनदा आयनीभूत कार्बनचा, ज्याला वर्णपटवाले कार्बन थ्री म्हणतात. ५८०८ हा तीनदा आयनीभूत, कार्बन फोर. ५८०८ स्पष्टपणे वरचढ असेल तर डब्ल्यूसी ७ किंवा त्याच्या अलीकडचे उष्ण वर्ग, दोन्ही जवळपास बरोबरीचे असतील तर डब्ल्यूसी ८, आणि ५६९६ वरचढ असेल तर डब्ल्यूसी ९. एकाच मूलद्रव्याच्या दोन आयनांची तुलना करून तापमानाचा क्रम लावायचा, ही मेघनाद साहांच्या १९२० च्या आयनीभवन समीकरणातून आलेली दिशा. या वाऱ्यांत गणित बरंच किचकट होतं, दिशा तीच राहते. दोन्ही मणी ११२ अँगस्ट्रॉम दूर आहेत, त्यामुळे जाळी त्यांना वेगळं दाखवते. गॅमा-२ हा डब्ल्यूसी ८.

या ताऱ्याला साडेअठ्ठ्याहत्तर दिवसांत प्रदक्षिणा घालणारा ओ वर्गाचा (अतिउष्ण निळा) सोबती आहे, आणि दृश्य प्रकाशात तोच जास्त उजळ आहे. त्याच्या सलग प्रकाशात वोल्फ-रायेच्या रेषा बुटक्या दिसतात. पण दोन्ही रेषा सारख्याच प्रमाणात बुटक्या होतात, म्हणून गुणोत्तर टिकतं. वर्गीकरण उंचीवर न ठेवता गुणोत्तरावर ठेवण्यातली अक्कल इथे समजते.

डब्ल्यूएनसाठी व्याधाच्या परिसरातला डब्ल्यूआर ६ घ्या. प्रत ६.९, क्रांती उणे २४, त्यामुळे हिवाळ्यात चांगला उंच येतो. इथे दृश्य पूर्ण वेगळं. ४६८६ ला एकदा आयनीभूत हेलियमचा एकच प्रचंड सुळका, ५४११ ला त्याचाच धाकटा भाऊ, आणि पिवळ्यातली कार्बनची जोडी नाही. डब्ल्यूएन की डब्ल्यूसी, हा निवाडा जाळी निःसंशय देते. उपवर्गात मात्र ती अडखळते. पुस्तकी पद्धतीतली नायट्रोजनची ४६०३ ते ४६४१ मधली रेषामाला या भेदनक्षमतेत ४६८६ च्या पायथ्यात मिसळून जाते. त्याऐवजी ५४११ ची उदासीन हेलियमच्या ५८७६ शी तुलना करा. पहिली खूप वरचढ असेल तर डब्ल्यूएन ४ कडचा उष्ण तारा, उलट असेल तर डब्ल्यूएन ८ कडचा. एका उपवर्गाने इकडे-तिकडे होऊ शकतं, ते कबूल करून लिहा.

आणि ६५६० जवळ उंचवटा दिसला की लगेच ‘हायड्रोजन’ लिहू नका. तिथे हेलियमचीच रेषा आहे, हायड्रोजनच्या ६५६३ पासून तीन अँगस्ट्रॉमवर. ही जाळी त्यांना वेगळं करू शकत नाही. डब्ल्यूसीमध्ये हायड्रोजन नसतोच. काही डब्ल्यूएनमध्ये असतो, तेव्हा वर्गापुढे एच लावतात. टॅरंट्युला अभ्रिकेतला आर१३६ए१ हा सूर्याच्या सुमारे २०० पट जड तारा डब्ल्यूएन ५एच आहे. तो म्हातारा नाही, अजून गाभ्यात हायड्रोजन जाळतोय, फक्त वारा इतका दाट की वेष वोल्फ-रायेचा. उलट हंसातला कॅम्पबेलचा तारा ग्रहीय अभ्रिकेच्या (मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेल्या वायूच्या ढगाच्या) मधला कमी वस्तुमानाचा तारा आहे. वर्णपट डब्ल्यूसी ९ सारखाच, म्हणून वर्ग चौकटी कंसात लिहितात. जाळी कंस दाखवत नाही.

हंसातले तारे ७ ते ८ प्रतीचे आहेत, तिथे मागोवा घेणारी बैठक लागतेच. अडचण गर्दीची. आकाशगंगेच्या पट्ट्यात एखाद्या भलत्याच ताऱ्याचा ठिपका नेमका ४६८६ वर येऊन बसतो आणि खोटी रेषा तयार होते. कॅमेरा ३०-४० अंश फिरवून दुसरा संच घ्या. खरी रेषा जागेवर राहते, खोटी हलते. आपल्याकडे हंस संध्याकाळी सर्वांत उंच असतो तेव्हा पावसाळा असतो, म्हणून मेमधली पहाट किंवा ऑक्टोबरच्या उत्तरार्धातली संध्याकाळ धरा.

आता जिथे ही जाळी घेऊ नये ते. पी सिग्नी हा १६०० मध्ये अचानक उजळलेला, आज ४.८ प्रतीचा दीप्तिमान निळा चलतारा. त्याचा हायड्रोजन-अल्फाचा (६५६३ च्या रेषेचा) उंचवटा जाळीत छान दिसतो, पण ज्या आकारामुळे त्याचं नाव पाठ्यपुस्तकात आहे, उत्सर्जनाला निळ्या बाजूने लागून असलेली शोषणाची खाच, ती दिसत नाही. वारा सेकंदाला २०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अल्फापाशी जेमतेम ४ अँगस्ट्रॉम. त्यासाठी काही हजार भेदनक्षमतेचा फटीचा वर्णपटमापक हवा. आल्पी ६०० हा फटीचा लहान वर्णपटमापकसुद्धा तिथे अपुरा पडतो. ओ ताऱ्यांचे उपवर्ग ४४७१ आणि ४५४१ या बारीक रेषांवर ठरतात, त्यांचाही नाद सोडा. पीत महाराक्षसी (अतिविशाल पिवळा तारा) ऱ्हो कॅसिओपिया नेहमीच्या स्थितीत सपाट दिसतो. १९४६ आणि २००० सारखा उद्रेक झाला तर टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे उमटतात, ते मात्र जाळी पकडेल. ईटा कॅरिनी पुण्याहून बारा अंशांच्याही वर येत नाही. अल्फा रेषा मिळेल, निळा भाग विसरा.

२०० रेघांची बहीण, स्टार ॲनालायझर २००, फिल्टरचक्रात किंवा जाळी सेन्सरच्या फार जवळ बसत असेल तरच घ्या. अंतर ५० मिलिमीटर देता येत असेल तर १०० च बरी, कारण अंतर तेच ठेवून २०० लावली की वर्णपट दुप्पट लांबतो आणि लहान सेन्सरबाहेर जातो. बाहेरून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशोब करा.

कोकणात आणि मुंबईत ठेवायची असेल तर पावसाळ्याचे चार महिने हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत. धूळ बसली तर हातपंपाने फुंका. काचेवर कापड घासू नका, आणि तोंडाने फुंकर तर मुळीच नको.